वेग पुरेसा असूनही जोडणी का गुदमरते? राउटरमधली रांग आणि तिची पाळी

काळी माती (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे गाव घाटंजी तालुक्यात आहे. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत आम्ही काही जण मिळून स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवतो. त्याच इमारतीत आपले सरकार सेवा केंद्र आहे, आणि भिंतीला लागून असलेल्या आरोग्य उपकेंद्रालाही आमच्याच जोडणीतून इंटरनेट दिलेले आहे. ही जोडणी तालुक्याच्या ठिकाणाहून रेडिओ लिंकने येते. करारात डाऊनलोडला २० आणि अपलोडला ४ मेगाबिट प्रतिसेकंद असा वेग लिहिलेला आहे, आणि आम्ही जेव्हा जेव्हा मोजला तेव्हा तो बहुतेक मिळालाही आहे.

तरीही खरीप पीक विम्याची मुदत जवळ आली, सेवा केंद्रात सातबारे आणि पासबुकांच्या प्रती चढवण्याचे काम सुरू झाले, की बाकी सगळे अडकते. उपकेंद्रात ई-संजीवनीवर बोलणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा पडद्यावर गोठतो आणि आवाज तुटक येतो. अभ्यासिकेत मुले सराव परीक्षेचे पुढचे पान दाबतात आणि पान येत नाही. पुरवठादाराकडे तक्रार केली, तेव्हा त्यांच्या माणसाने येऊन वेग तपासला, तो बरोबर निघाला, आणि मोठा प्लॅन घ्या असे सांगून तो गेला.

मी स्वतः दोन वेळा पिंग, म्हणजे पाठवलेल्या लहानशा संदेशाचे उत्तर यायला लागणारा वेळ, मोजला. सकाळी कोणी नसताना उत्तर ४० मिलिसेकंदांत येत होते. नंतर एका संगणकावरून एक मोठी फाइल चढवायला लावली, आणि अर्ध्या मिनिटात तेच उत्तर २,८०० मिलिसेकंदांवर गेले. फाइल थांबवली की पुन्हा ४०. वेग कमी असता तर मी समजलो असतो. पण फाइल तर ठरलेल्या वेगानेच चढत होती. वर्गणी वाढवून मोठा प्लॅन घ्यावा का, की दुखणे वेगळेच आहे, हे जाणकारांनी सांगावे.

धुऱ्यावरून

भाऊ, प्लॅन वाढवण्याआधी थोडे थांबा. आपण दिलेल्या दोन आकड्यांतच उत्तर आहे. मी मूळचा वणीकडचा असून नागपुरात नेटवर्कचेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक राउटरमध्ये, आणि आपल्या गच्चीवरच्या रेडिओतही, बाहेर पडण्याच्या दाराशी एक रांग असते. आत येणारी पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, जास्त आणि बाहेरची वाट अरुंद झाली, की जादा पॅकेटे यंत्राच्या स्मृतीत थांबून राहतात. आपल्या मार्गावरची सर्वांत अरुंद जागा म्हणजे अपलोडचे ४ मेगाबिट, आणि ती वाट रेडिओतून जाते, म्हणून रांग रेडिओत साठते. इंटरनेटवरचे भरलेले पॅकेट साधारण १,५०० बाइटांचे असते. रांगेत अशा १,००० पॅकेटांना जागा आहे असे धरा. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत बराच काळ हीच नेहमीची मर्यादा होती. म्हणजे १५ लाख बाइट, अर्थात १ कोटी २० लाख बिट झाले. सेकंदाला ४० लाख बिट या दराने ते बाहेर पडायला ३ सेकंद लागतात. आपले पिंगचे पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभे राहिले, म्हणून त्याला २,८०० मिलिसेकंद लागले. वाटेत दुसरे काहीच बिघडलेले नाही.

रांग एवढी भरते कशी, हेही समजून घ्यावे लागेल. फाइल चढवणारा संगणक टीसीपी या इंटरनेटवरच्या पाठवण्याच्या नियमावलीने बोलतो, आणि टीसीपीची जुनी रीत अशी, की पॅकेट हरवल्याची खूण मिळेपर्यंत पाठवण्याचे प्रमाण वाढवत राहायचे. रांगेला भरपूर जागा असल्यामुळे पॅकेट लवकर हरवत नाही, खूण मिळत नाही, आणि रांग काठोकाठ भरून तशीच टिकून राहते. यात सर्वांत वाईट गोष्ट अशी, की डाऊनलोडही याच रांगेमुळे मरते. आपण जे पान उघडतो त्याची पोच समोरच्या सर्व्हरला अपलोडच्याच वाटेने पाठवावी लागते. ती पोच ३ सेकंद रांगेत उभी राहिली, तर २० मेगाबिटची डाऊनलोडची वाट रिकामी असूनही पान येत नाही. जिम गेटिस यांनी २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या जोडणीवर हेच पाहिले आणि या दुखण्याला बफरब्लोट हे नाव पुढे त्यांनीच रूढ केले.

आता मोठ्या प्लॅनचे. अपलोड ८ मेगाबिट केले, तर तीच रांग ३ ऐवजी दीड सेकंदाची होईल. डॉक्टरांचे बोलणे दीड सेकंदानेही तुटतेच. दूरध्वनीवरच्या संभाषणासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. पैसे घालून तिथे पोहोचता येणार नाही. रांग आवरावी लागेल.

पऱ्हाटी

मला यातले एक पटत नाही, म्हणून विचारतो. रांगेला जागा मोठी असणे हा गुणच नाही का? जिनिंगच्या आवारात जागा नाही म्हणून कापसाची बंडी फाटकावरून परत पाठवली, तर शेतकऱ्याचे नुकसानच होते. त्यापेक्षा आवार मोठे ठेवावे, बंडी आत घ्यावी, काट्यावर नंबर उशिरा लागला तरी चालेल. पॅकेट फेकून देणे म्हणजे ते पुन्हा पाठवावे लागणे, म्हणजे दुप्पट काम. कमी स्मृतीची यंत्रे चांगली, असे म्हणणे मला उलटे वाटते.

तंत्रनिकेतन

पऱ्हाटी यांची शंका रास्त आहे, आणि ज्यांनी ही यंत्रे बनवली त्यांच्याही मनात वर्षानुवर्षे हाच विचार होता. मी अमरावतीला हा विषय शिकवतो, त्यामुळे थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही.

जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये आरएफसी ९७० हे टिपण लिहिले. त्यात त्यांनी नेमका आपला प्रश्न शेवटापर्यंत ताणून पाहिला: राउटरला अमर्याद स्मृती दिली तर काय होईल? प्रत्येक पॅकेटाला ठरावीक आयुष्य असते. रांग अमर्याद वाढत गेली, आणि जो आधी आला तो आधी जाईल एवढाच नियम असला, तर एक वेळ अशी येते की प्रत्येक पॅकेट दारापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे आयुष्य संपलेले असते. यंत्र अखंड काम करत असते आणि उपयोगाचे काहीही बाहेर पडत नाही. त्याच टिपणात नेगल यांनी उपायही सुचवला: पाठवणाऱ्या प्रत्येक संगणकाची रांग वेगळी ठेवावी आणि राउटरने पाळीपाळीने प्रत्येकीतून एकेक पॅकेट घ्यावे.

कापूस आणि पॅकेट यांत एक मोठा फरक आहे. कापूस एक दिवस उशिरा काट्यावर गेला तरी कापूसच राहतो. बोलण्यातला शब्द ३ सेकंद उशिरा पोहोचला तर तो शब्द राहत नाही. शिवाय उशीर फार झाला, की पाठवणाऱ्याला पॅकेट हरवलेच असे वाटते आणि तो तेच पुन्हा पाठवतो; मग रांगेत एकाच मालाच्या दोन-दोन प्रती उभ्या राहतात. १९८६ च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधल्या जोडणीवर हे प्रत्यक्ष घडले. दोन्ही ठिकाणांत अंतर होते अवघे ४०० यार्ड, आणि वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर आला. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी या पडझडीचा अभ्यास करून १९८८ मध्ये टीसीपीला आवर घालायला शिकवले. पॅकेट हरवले म्हणजे पुढे गर्दी आहे असे समजावे आणि पाठवणे कमी करावे, हा त्या शिकवणीचा गाभा आहे. म्हणून वेळेवर फेकलेले एक पॅकेट हा निरोप असतो. तो निरोप न देता मोठे आवार पुढे करणारे यंत्र पाठवणाऱ्याला अंधारात ठेवते.

पण पऱ्हाटी यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. रांग अजिबात नको असे कोणी म्हणत नाही. पॅकेटे घोळक्याने येतात, आणि घोळका सामावून घ्यायला जागा लागतेच. बाजाराच्या दिवशी एसटीच्या फाटकाशी गर्दी होते आणि गाडी सुटल्यावर ओसरते; ती चांगली रांग. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जी तेवढीच लांब राहते, ती वाईट रांग, कारण ती काहीही सामावून घेत नाही, फक्त प्रत्येकाचा वेळ खाते. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांची १९९३ ची रेड ही पद्धत रांगेची सरासरी लांबी पाहून आधीच थोडी पॅकेटे टाकत असे. पण तिच्या मर्यादा कोणत्या आकड्यांवर ठेवाव्यात हे प्रत्येक जोडणीला वेगळे ठरवावे लागे, त्यामुळे बहुतेकांनी ती बंदच ठेवली. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल मांडले, त्यात लांबी मोजणेच सोडून दिले. पॅकेटाने रांगेत किती वेळ काढला, एवढेच पाहायचे. सलग १०० मिलिसेकंदांत एकही पॅकेट ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी थांबून गेले नाही, तर ही रांग टिकून बसलेली आहे असे ठरवून एक पॅकेट टाकायचे. तरीही फरक पडला नाही तर पुढचे त्याहून लवकर, साधारण ७१ मिलिसेकंदांनी, मग ५८, मग ५०. घोळका ओसरला की टाकणे बंद. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते, कारण तिला जोडणीचा वेग आधी सांगावा लागत नाही.

उपकेंद्रातून

मी काळी माती यांच्याच गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, म्हणून लिहिते. वरचे सगळे वाचले आणि बरेचसे समजले. माझी मागणी साधी आहे. जोखमीच्या गरोदर मातेला समोर बसवून आम्ही जिल्ह्याच्या डॉक्टरांशी बोलतो, तेव्हा त्या बोलण्याला सगळ्यांच्या पुढे जाऊ द्यावे. विम्याचा कागद पाच मिनिटांनी चढला तर चालतो. रुग्णवाहिकेला जशी वाट देतात तशी वाट राउटरला देता येते का?

धुऱ्यावरून

ताई, देता येते, आणि आपली मागणी अगदी योग्य आहे. मात्र ती वाट कशी द्यायची याचा विचार करावा लागेल, कारण सर्वांत सरळ वाटणारा मार्ग इथे घातक ठरतो.

सरळ मार्ग म्हणजे कडक अग्रक्रम: वरच्या रांगेत एकही पॅकेट असेपर्यंत खालच्या रांगेकडे पाहायचेच नाही. वरच्या रांगेत फक्त आवाज असला तर हे चालते. पण त्याच मार्गाने उद्या कोणी तासाभराचे प्रशिक्षणाचे चित्रीकरण चढवले, तर सेवा केंद्र आणि अभ्यासिका तासभर उपाशी राहतील. दुसरी अडचण ओळखण्याची आहे. पॅकेटाच्या कपाळावर सहा बिटांची एक जागा असते आणि तिथे ४६ हा आकडा लिहिला तर ते तातडीचे समजावे, असा संकेत आहे. पण पुरवठादारांच्या जाळ्यातून येताना ही खूण पुष्कळदा पुसली जाते, आणि आतला मजकूर कूटबद्ध असल्यामुळे राउटरला तो पाहून ठरवता येत नाही.

म्हणून मी आधी न्याय्य पाळीकडे वळा असे सांगेन. पऱ्हाटी यांनी जिनिंगचे उदाहरण दिले आहे, तेच पुढे नेतो. आज काट्यावर एकच रांग आहे. एका व्यापाऱ्याच्या तीस ट्रॉल्या आधी येऊन उभ्या राहिल्या, तर मागच्या एकट्या बंडीवाल्याला रात्र तिथेच काढावी लागते. आता समजा प्रत्येक मालकाची रांग वेगळी केली आणि काटेवाल्याने प्रत्येक रांगेतून पाळीपाळीने एकेक गाडी घेतली. बंडीवाला लगेच सुटेल. तरी यात एक अन्याय उरतो, कारण ट्रॉलीवाल्याला एका पाळीत २५ क्विंटल मोजून मिळतात आणि बंडीवाल्याला ८. पॅकेटांचेही तसेच आहे. काही १,५०० बाइटांची, काही १०० बाइटांची.

ॲलन डेमर्स, एस. केशव आणि स्कॉट शेंकर यांनी १९८९ मध्ये यावर काटेकोर गणिती उत्तर दिले, पण प्रत्येक पॅकेटामागे बरीच आकडेमोड करावी लागत असल्याने वेगवान यंत्रांना ते जड जाई. एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी १९९५ मध्ये उधारीची वही ठेवण्याइतका सोपा मार्ग काढला. प्रत्येक पाळीला प्रत्येकाच्या नावावर १० क्विंटल जमा करायचे. बंडीवाल्याची ८ क्विंटलची बंडी पहिल्याच पाळीत जाते आणि मागे दुसरी बंडी असेल तर उरलेले २ तिच्यासाठी जमा राहतात. ट्रॉलीवाल्याच्या नावावर पहिल्या पाळीत १०, दुसऱ्या पाळीत २०. अजून पुरत नाहीत म्हणून तो थांबतो. तिसऱ्या पाळीत ३० झाले की ट्रॉली सुटते आणि ५ उरतात. ज्याची रांग रिकामी झाली त्याची शिल्लक पुसली जाते, म्हणजे कोणी घरी बसून पाळ्या साठवू शकत नाही. दीर्घकाळात प्रत्येकाला वजनाने सारखा वाटा मिळतो, आणि काटेवाल्याला एका बेरजेपलीकडे हिशेब करावा लागत नाही.

आता ताईंचे काम यातून कसे होते ते पाहा. एफक्यू-कोडेल या पद्धतीत, जी एरिक ड्युमाझे यांनी २०१२ मध्ये लिनक्समध्ये आणली, पॅकेटे १,०२४ रांगांत विभागली जातात, प्रत्येक रांगेवर वर सांगितलेले कोडेल पहारा देते, आणि ज्या रांगेत आधी काहीच साठलेले नव्हते तिच्यात नवे पॅकेट आले तर त्याला साठलेल्या रांगांच्या आधी सोडले जाते. साध्या आवाजाचे पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी एक निघते आणि सुमारे २०० बाइटांचे असते. सेकंदाला ८० किलोबिट, म्हणजे आपल्या ४ मेगाबिटचा पन्नासावा हिस्सा. त्याची रांग कधी साठतच नाही, म्हणून त्याला जवळजवळ दर वेळी आधी सोडले जाते. कोणी त्याच्यावर तातडीचा शिक्का मारलेला नसतो. जो थोडे मागतो त्याला थांबावे लागत नाही, एवढ्याच नियमातून हे घडते, आणि म्हणून कोणी खोटा शिक्का मारून पुढे घुसू शकत नाही.

काळी माती भाऊ, आपल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालत असेल तर रांग सांभाळणारे एसक्यूएम नावाचे पॅकेज टाका. त्यात केक ही पद्धत निवडता येते; ती एफक्यू-कोडेलच्याच वळणाची असून पुढची आहे. मात्र ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅम असलेल्या जुन्या यंत्रांवर आता नवी आवृत्ती चालत नाही, ते आधी तपासा.

काळी माती (धागाकर्ता)

धुऱ्यावरून भाऊ आणि तंत्रनिकेतन सर, मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

आमचा राउटर जुना होता, म्हणून वापरलेला एक चालण्याजोगा राउटर यवतमाळहून आणला आणि शनिवारी रात्री एसक्यूएम बसवले. डाऊनलोडला २० आणि अपलोडला ४ असे करारातले आकडे भरले, फाइल चढवायला लावली, आणि पिंग पुन्हा २,६०० वर गेला. काहीच फरक नाही. मी तर सगळे चुकलेच असे समजलो. दुसऱ्या दिवशी विचार करताना लक्षात आले, की राउटर ४ मेगाबिटने पाठवतो आणि रेडिओही जेमतेम ४ नेच पुढे सोडतो. मग साठण्याची जागा अजूनही रेडिओच आहे, आणि रेडिओला पाळी ठाऊक नाही. आकडे ३.६ आणि १८ केले. आता अरुंद जागा आमच्याच राउटरमध्ये आली. त्याच फाइलसोबत पिंग ४८ ते ६० च्या दरम्यान राहिला. मी ते तीनदा मोजले, कारण विश्वास बसत नव्हता. वेगाचा दहावा हिस्सा सोडून दिला आणि जोडणी परत मिळाली.

दोन गोष्टी अजून कळल्या नाहीत. अपलोडची रांग आमच्या हातात आली हे समजले. पण डाऊनलोडची रांग पुरवठादाराच्या टोकाला असते, पॅकेट आमच्यापर्यंत आल्यावर त्याला अडवून काय साधते? आणि दुसरे, अभ्यासिकेतल्या एका मुलाने डाऊनलोड मॅनेजर लावला की इतरांचा वेग अजूनही पडतो. पिंग चांगला राहतो, पण वाटा कमी मिळतो.

तंत्रनिकेतन

पहिल्या प्रयोगात जे हाती आले तेच पुष्कळांना कळत नाही, म्हणून ते इथे लिहिलेत याचे मोल आहे. पाळी लावणारा माणूस हुशार असून भागत नाही. रांग त्याच्याच दारात उभी राहिली पाहिजे.

डाऊनलोडचे तत्त्व तेच आहे, फक्त एका वळशाने चालते. आपला राउटर १८ मेगाबिटपलीकडचे पॅकेट थांबवतो किंवा टाकतो, किंवा दोन्ही टोकांना मान्य असेल तर टाकण्याऐवजी त्यावर गर्दीची खूण करतो. ती खबर पोचेवाटे दूरच्या सर्व्हरला मिळते आणि तो पाठवणे कमी करतो. त्यामुळे पुरवठादाराच्या टोकाकडे येणारा ओघ १८ च्या आसपास स्थिरावतो आणि तिथली २० ची वाट भरत नाही. हा ताबा अपलोडइतका पक्का नसतो. एकाच वेळी पुष्कळ नवे डाऊनलोड सुरू झाले तर काही क्षण रांग पलीकडे साठते, म्हणून अपलोडला जेवढा वाटा सोडला त्याहून थोडा जास्त वाटा डाऊनलोडला सोडावा असे मी सुचवीन. १७ करून पाहा.

आता डाऊनलोड मॅनेजर. तो एकाच फाइलसाठी एकदम १६ जोडण्या उघडतो. एफक्यू-कोडेल जोडणीगणिक वाटा देते, म्हणून त्या मुलाला १६ वाटे आणि शेजारी चित्रफीत पाहणाऱ्याला एक. जिनिंगवर एकाच मालकाने सोळा नातेवाइकांच्या नावाने सोळा रांगा लावल्यासारखे हे आहे, आणि काटेवाला नियमाने वागूनही फसतो. केकमध्ये आधी यंत्रागणिक आणि मग त्या यंत्राच्या आत जोडणीगणिक वाटा देण्याची सोय आहे. परंतु आपल्या राउटरमधून बाहेर जाताना सगळ्या यंत्रांचा पत्ता एकच होतो, त्यामुळे केकला आतली यंत्रे वेगळी दिसावीत म्हणून नॅट हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. तो बंद असेल तर तिला सगळी अभ्यासिका एकच माणूस दिसते. हे केल्यावर दोघेच वापरत असतील तर दोघांना अर्धे-अर्धे मिळेल, कोणी कितीही जोडण्या उघडोत.

उपकेंद्राच्या ताईंसाठीही आता पुढची पायरी घेता येईल. चित्रासह बोलणे ८० किलोबिटांत बसत नाही, म्हणून गर्दीच्या वेळी नुसती न्याय्य पाळी त्याला अपुरी पडू शकते. उपकेंद्राच्या संगणकाचा पत्ता कायमचा ठरवून त्याच्या पॅकेटांवर आपल्याच राउटरने खूण करावी आणि केकचे चार कप्प्यांचे वर्गीकरण वापरावे. त्यात आवाजाच्या कप्प्याला जोडणीच्या एक चतुर्थांशापर्यंत आणि चित्राच्या कप्प्याला निम्म्यापर्यंत पुढे जाण्याचा मान असतो. त्या मर्यादेपलीकडे मागणी गेली की मान काढून घेतला जातो, पॅकेटे मात्र अडवली जात नाहीत. रुग्णवाहिकेला वाट मिळते, आणि तिच्यामागे वरातीच्या गाड्या घुसल्या तर त्यांना मिळत नाही.

बेंबळाकाठ

मी बाभुळगाव तालुक्यातला. माझ्याकडे तार नाही आणि रेडिओही नाही. मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर आहे, आणि त्यावरच घरून लिखापढीचे काम करतो. दुपारी १५ मेगाबिट मिळतात, रात्री आठला २ सुद्धा मिळत नाहीत. मग मी कोणता आकडा भरायचा? आमचे शेत कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. शेजपाळीच्या कागदावर पाणी सगळ्यांना लिहिलेले असते, पण वरच्या अंगाला कोणी पाळी मोडली की आमच्यापर्यंत ओलही येत नाही. मोबाइलच्या टॉवरचेही तसेच असावे असे मला वाटते.

धुऱ्यावरून

भाऊ, टॉवरचे थोडे वेगळे आहे. फोर-जीचा टॉवर प्रत्येक ग्राहकाची रांग वेगळी ठेवतो आणि कोणाला किती वेळ द्यायचा हे क्षणाक्षणाला ठरवतो. त्यामुळे शेजाऱ्याची पॅकेटे आपल्या रांगेत पुढे उभी नसतात. शेजारी वाढले की आपली पाळी उशिरा येते, म्हणजे आपली वाट अरुंद होते, आणि मग आपल्याच घरातली पॅकेटे आपल्या रांगेत साठतात. शेजाऱ्यांचे काही करता येणार नाही, पण घरातली रांग आवरता येईल.

एकच आकडा भरायचा असेल तर रात्रीचा भरावा लागेल आणि दुपारचे १३ मेगाबिट सोडून द्यावे लागतील, ते मलाही पटत नाही. ओपनडब्ल्यूआरटीसाठी केक-ऑटोरेट नावाची एक स्क्रिप्ट आहे. ती सतत पिंग मोजत राहते. उशीर वाढू लागला की आकडा खाली आणते आणि उशीर नसताना मागणी असेल तर हळूहळू वर नेते. ती अचूक नसते, पण बदलत्या जोडणीवर स्थिर आकड्यापेक्षा नक्कीच बरी. एक काळजी घ्या. वेग १ मेगाबिटवर आला की १,५०० बाइटांचे एक पॅकेट बाहेर पडायलाच १२ मिलिसेकंद लागतात, तेव्हा कोडेलची ५ मिलिसेकंदांची अट पाळणे शक्यच नसते आणि ते विनाकारण पॅकेटे टाकू लागते. केक वेग पाहून ही अट स्वतःच सैल करते. एफक्यू-कोडेल वापरत असाल तर हाताने वाढवावी लागेल.

पऱ्हाटी

माझी शंका फिटली. आमच्या दुकानात कॅमेऱ्यांचे चित्रीकरण दिवसभर वर चढत असते आणि देवाणघेवाणीचे यंत्र त्यामुळेच अडकत असावे असे आता वाटते. एक विचारायचे राहिले: दुकानाच्या मागच्या खोलीतून वाय-फाय वापरले की, बाहेरची जोडणी मोकळी असतानाही, सगळ्यांचेच हळू होते. तेही याच रांगेमुळे का?

तंत्रनिकेतन

रांगच, पण हवेतली. वाय-फायमध्ये प्रत्येक यंत्राला बोलण्याची संधी साधारण सारखी मिळते, वेळ सारखा मिळत नाही. मागच्या खोलीतला मोबाइल भिंतींमुळे ६ मेगाबिटने बोलत असेल आणि जवळचा ६० ने, तर तेवढ्याच मालासाठी मागचा सुमारे दहापट वेळ हवा अडवून ठेवतो आणि जवळच्यालाही त्याच्याच चालीने चालावे लागते. यावर पॅकेटांऐवजी हवेतला वेळ वाटून देण्याची पद्धत लिनक्सच्या काही वाय-फाय चालकांत (ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये) आली आहे. पण आपल्या बाबतीत मागच्या खोलीपर्यंत एक तार ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणे हाच स्वस्त आणि पक्का उपाय आहे. एसक्यूएमने हे दुखणे जाणार नाही.

उपकेंद्रातून

मंगळवारी विम्याच्या कामाची गर्दी होती, बाहेर ओट्यावर लोक बसले होते, आणि त्याच वेळी आम्ही वीस मिनिटे डॉक्टरांशी बोललो. आवाज एकदाही तुटला नाही. चित्र दोनदा अस्पष्ट झाले आणि लगेच सावरले. रक्तदाबाचे आकडे पुन्हा पुन्हा ओरडून सांगावे लागले नाहीत. सर्वांचे आभार.

काळी माती (धागाकर्ता)

नॅटचा पर्याय आणि चार कप्पे दोन्ही चालू केले; डाऊनलोड १७ वर ठेवले. डाऊनलोड मॅनेजरची तक्रार संपली.

मात्र गेल्या आठवड्यात पिंग पुन्हा ९०० पर्यंत चढू लागला, आणि तेही सकाळी, गर्दी नसताना. आकडे तेच, राउटर तोच. शेवटी नुसता वेग मोजला, तर अपलोड ३ मेगाबिटच निघाले. आमच्या ३.६ च्या आकड्याखाली रेडिओच गेला होता, म्हणजे रांग पुन्हा त्याच्याच पोटात गेली होती. गच्चीवर चढून पाहिले, तर पावसाने फोफावलेल्या कडुनिंबाची एक फांदी रेडिओच्या आणि तालुक्याच्या मनोऱ्याच्या मध्ये आलेली दिसली. त्या दिवशी आकडा २.७ केला, पिंग ताळ्यावर आला आणि काम चालू ठेवले. रविवारी दोघांनी चढून फांदी छाटली, अपलोड पुन्हा ४ मोजले आणि आकडा ३.६ वर नेला. राउटरशेजारी भिंतीला एक वही टांगली आहे. दर सोमवारी सकाळी अभ्यासिका उघडणारा मुलगा आधी वेग आणि पिंग मोजून तिच्यात लिहितो.